स्मशानभूमी : इतिहास, वास्तू आणि आपले गाव

(द्वितीय वर्ष कला)

स्मशान हा शब्द दिवेलागणीला तोंडातून निघाला, तर आमच्या घरातील वडीलधारी माणसे अजूनही दटावतात. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी या विषयावर लिहिणार असे मी सांगितले, तेव्हा मित्रांनीही तोंडे वाकडी केली. 'किल्ल्यावर लिही, शिखर शिंगणापूरवर लिही,' असा सल्ला मिळाला. सल्ला चांगला होता. परंतु गेल्या वर्षी परतीच्या पावसात माझी आजी गेली आणि त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. त्या प्रश्नाचा माग काढताना जे वाचनात आले आणि जे डोळ्यांनी पाहिले, ते येथे क्रमाने मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

हकिगत थोडक्यात अशी. आमचे गाव माणगंगेच्या काठी. माण तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातलाही बराचसा परतीचा. वर्षभर ज्याची वाट पाहायची तो पाऊस नेमका त्या दिवशी आला. आमच्या वस्तीची दहनाची जागा म्हणजे नदीकाठचा उघडा माळ. नदीच्या पलीकडच्या अंगाला पत्र्याचे शेड आहे, लोखंडी जाळी आहे, खाली सिमेंटचा ओटा आहे. पण तिथे दुसऱ्या वस्तीची मयते नेतात. आमच्यातल्या एका तरुणाने, "तिकडं न्यायचं का?" असे विचारले. कुणी नको म्हटले नाही आणि कुणी होही म्हटले नाही. एक चुलत आजोबा एवढेच म्हणाले, "त्ये आपलं न्हाय, बाळा." मग घराच्या पडवीचे दोन पत्रे काढून आणले आणि चौघांनी चितेवर तिरपे धरले. वेडी बाभूळ ओली, शेण्या भिजलेल्या. जाळ धरेना. शेवटी ट्रॅक्टरच्या टाकीतले डिझेल काढून ओतावे लागले. मध्यरात्र उलटून गेली तरी माझे वडील पत्रा धरून उभे होते. पत्रा तापला तसे त्यांच्या तळहाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी त्याच हातांनी त्यांनी राख सावडली.

मृताच्या डोक्यावर छप्पर असावे, हा विचार माणसाला केव्हा सुचला? आणि 'हे आपले स्मशान, ते त्यांचे' ही वाटणी केव्हापासून झाली? हे दोन प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहेत.

दहनाच्या आधीचे दफन

आपल्याकडे पूर्वापार दहनच होत आले, अशी आपली समजूत असते. उत्खननातून निघालेला पुरावा वेगळे सांगतो. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे 1968 पासून डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी अनेक हंगाम उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ही माणसे आपले मृत राहत्या घराच्या जमिनीतच पुरीत. लहान मुलांचे देह दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत. मोठ्या माणसांना पुरताना बहुधा घोट्यापासून पाय तोडून टाकीत. मेलेला माणूस घर सोडून जाऊ नये, अशी त्यामागे भावना असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या या आद्य शेतकऱ्यांना स्मशान नव्हतेच; घर हेच स्मशान होते. विदर्भात नागपूरजवळ जुनापाणी येथे मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. तीही दफनाचीच स्मारके होत.

दहनाचा स्पष्ट उल्लेख ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अंत्यसंस्काराच्या सूक्तांत सापडतो. कालांतराने बहुसंख्य समाजात दहन रूढ झाले, तरी दफन कधी संपले नाही. लिंगायत समाजात आजही मृताला बसवून पुरतात. संन्याशांना समाधी देतात. अगदी लहान मूल गेले तर दहन करणाऱ्या घरांतही त्याला पुरतात. आपल्या माणदेशातल्या कोणत्याही गावाची शीव हिंडून पाहिली, तर दहन व दफन शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

राखेवर उभी राहिलेली वास्तू

दहनाला स्वतःची इमारत नव्हती. नदीचा काठ, वाळू, लाकूड आणि वारा एवढ्यावर ते होत असे. देह जळून गेला, राख पाण्यात सोडली, की मागे काही उरत नसे. इमारत उभी राहिली ती आठवणीसाठी, आणि तीही ठराविक माणसांच्या.

यातला सर्वांत जुना प्रकार म्हणजे स्तूप. बुद्धांच्या दहनानंतर त्यांच्या अस्थींचे आठ वाटे झाले व त्यांवर स्तूप उभारले गेले, अशी बौद्ध परंपरा आहे. मावळातल्या भाजे लेण्यांत 14 लहान दगडी स्तूपांचा समूह आहे. त्यांतल्या काहींवर तेथील भिक्षूंची नावे कोरली आहेत. महाराष्ट्रात नावानिशी ओळखता येणारी ही फार जुनी मृत्युस्मारके आहेत, आणि ती राजांची नसून भिक्षूंची आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढे वीरगळ आणि सतीचे दगड आले. आपल्या भागात मारुतीच्या देवळापुढे किंवा वेशीजवळ शेंदूर फासलेले असे दगड उभे असतात. वीरगळावर खालून वर कप्पे असतात: खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. सतीच्या दगडावर कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात असतो. मुंबई इलाख्यात सतीची चाल 1830 मध्ये कायद्याने बंद झाली. त्या हाताकडे पाहताना चितेचा इतिहास हा केवळ वास्तूचा इतिहास नाही, याची जाणीव होते.

मराठेशाहीत समाधी आणि छत्री यांना मोठा बहर आला. आपल्या जिल्ह्यातले उत्तम उदाहरण म्हणजे कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावरचे माहुली. सातारच्या राजघराण्याचे हे स्मशान. छत्रपती शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 रोजी वारले. त्यांचे दहन माहुलीला झाले आणि राणी सकवारबाई तेथेच सती गेल्या. 1761 मध्ये निधन पावलेल्या महाराणी ताराबाईंची समाधीही येथेच आहे. शाहू महाराजांना वाघापासून वाचवणाऱ्या कुत्र्याची समाधी म्हणून एक दगडी कुत्राही येथे दाखवतात. मी माहुलीला गेलो तेव्हा हे सारे पाहिले. घाट, देवळे, समाध्या आणि चिता यांच्यामध्ये भिंत नाही. सातारा शहराची कैलास स्मशानभूमी आजही माहुलीलाच आहे. राजाला नेले त्याच संगमावर हमालालाही नेतात.

कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचे शिंदे पुढे ग्वाल्हेरचे सत्ताधीश झाले. त्या घराण्यातले महादजी शिंदे 12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यांच्या दहनाच्या जागी उभी असलेली शिंदे छत्री पुण्यात प्रसिद्ध आहे. छत्रीची रचना मात्र साधी: चार किंवा आठ खांब, वर घुमट, बाजू उघड्या. ऊन-पावसापासून आडोसा, पण वाऱ्याला आडकाठी नाही. ही रचना लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आर्नो नदीकाठचा मराठी राजा

युरोपात आधुनिक दहनगृह जन्माला येण्याच्या थोडे आधी एका मराठी राजाचे दहन युरोपात झाले, ही गोष्ट मला या अभ्यासात प्रथमच कळली. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) 1870 मध्ये इंग्लंडचा प्रवास करून परतत असताना इटलीतील फ्लॉरेन्स शहरी आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी वारले. वय अवघे वीस वर्षांचे, म्हणजे आपल्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याएवढे. तेथे ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे दफन होत असे. दहनासाठी अधिकाऱ्यांची खास परवानगी मिळवावी लागली. दोन पाण्यांच्या संगमावर दहन व्हावे या आपल्या रिवाजाला धरून आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावरील जागा निवडली गेली.

1874 मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. तिची रचना मेजर चार्ल्स मँट यांची. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्याचा. आतला महाराजांचा अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराने घडवला. शेजारच्या नदीवर 1978 मध्ये जो मोठा पूल पूर्ण झाला, त्याचे नावही या स्मारकावरून 'भारतीयाचा पूल' अशा अर्थाचे पडले आहे.

अशीच दुसरी छत्री इंग्लंडमध्ये ब्रायटन शहराजवळच्या टेकडीवर आहे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन ब्रायटनच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या 53 हिंदू व शीख सैनिकांचे तेथे दहन झाले. त्या जागेवरील संगमरवरी छत्री 1 फेब्रुवारी 1921 रोजी खुली झाली. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुरचनाकाराने केला होता. येथे छत्री राजासाठी न बांधता साध्या शिपायांसाठी बांधली गेली. ज्या सातारा जिल्ह्यातून घरटी माणूस पलटणीत जातो, त्या जिल्ह्याच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट मोलाची वाटल्यावाचून राहत नाही.

यंत्र आणि धुराडे

एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरे झपाट्याने वाढली. चर्चच्या आवारातली दफनाची जागा अपुरी पडू लागली आणि रोगराईची भीती वाढली. तेव्हा डॉक्टर आणि अभियंते दहनाचा विचार करू लागले. 1873 च्या व्हिएन्ना येथील प्रदर्शनात इटलीचे प्राध्यापक ब्रुनेत्ती यांनी दहनभट्टीची प्रतिकृती मांडली. ती पाहून राणी व्हिक्टोरियाचे शल्यवैद्य सर हेन्री थॉम्प्सन यांनी 1874 मध्ये इंग्लंडात दहन-प्रसारक संस्था स्थापन केली. 1876 मध्ये इटलीत मिलान शहरी आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील वॉशिंग्टन गावी दहनगृहे सुरू झाली. जर्मनीत गोथा येथे 1878 मध्ये दहनगृह झाले.

इंग्लंडात वोकिंग येथे 1879 मध्ये भट्टी तयार झाली आणि घोड्याचे कलेवर जाळून तिची परीक्षा घेतली गेली. परंतु लोकविरोध एवढा होता की माणसाचे दहन करता येईना. 1884 मध्ये वेल्समधील वृद्ध डॉक्टर विल्यम प्राइस यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे टेकडीवर दहन केले व त्यांच्यावर खटला झाला. न्यायमूर्ती स्टीफन यांनी, इतरांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा ठरत नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर 26 मार्च 1885 रोजी वोकिंगला पहिले दहन झाले. त्या वर्षात एकूण दहने झाली तीन! दहनाचा कायदा 1902 मध्ये झाला. कॅथलिक चर्चने 1886 मध्ये दहनाला केलेली बंदी 1963 मध्ये उठली. आज इंग्लंडात दर चार मृतांमागे तिघांहून अधिकांचे दहन होते. ज्या चालीला रानटी म्हणून नावे ठेवली गेली, ती शंभर वर्षांत तेथील बहुसंख्यांची चाल झाली.

या दहनगृहांनी वास्तुरचनाकारांपुढे नवाच प्रश्न उभा केला. भट्टी म्हटली की धुराडे आले, आणि धुराडे म्हटले की कारखाना आठवतो. शोकाकुल माणसाला आपला आप्त कारखान्यात दिला असे वाटू नये, यासाठी काय करावे? लंडनच्या गोल्डर्स ग्रीन दहनगृहात (1902) अर्नेस्ट जॉर्ज व येट्स यांनी लाल विटांची, इटालियन चर्चच्या वळणाची इमारत बांधली आणि धुराडे घंटाघरासारख्या मनोऱ्यात दडवले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीतील दहनगृहाला घुमट आहे. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या वनस्मशानात गुन्नार आस्प्लुंड यांनी 1940 मध्ये पूर्ण केलेली वास्तू त्याहून वेगळी आहे. तिच्यापुढे मोठा, उघडा, खांबांवर तोललेला मंडप आहे, हिरवळीची चढण आहे आणि मोकळे आकाश आहे. चित्रात तो मंडप पाहिला आणि मला आपली छत्री आठवली. हे सारे स्मशान 1994 मध्ये जागतिक वारशात समाविष्ट झाले.

महाराष्ट्रातील शहरे : हद्द, हक्क आणि भट्टी

आपल्याकडे स्मशानाचा प्रश्न नगरपालिकांबरोबर आला. मुंबईत समुद्राकाठी सोनापूर येथे हिंदूंचे जुने स्मशान होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ते शिवडीला हलवण्याचे सरकारच्या मनात आले, तेव्हा नाना शंकरशेट यांनी विरोध करून तो बेत हाणून पाडला. सरकार आरोग्याचे कारण देत होते, लोक धर्माचे व सोयीचे. गरीब माणसाने खांद्यावरून तिरडी किती लांब न्यायची, हाही प्रश्न त्यात होताच.

दुसरी घटना आपल्या शेजारच्या खटाव तालुक्याशी नाते सांगणारी आहे. कटगुण हे महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव. जोतीरावांनी मृत्युपत्रात आपला देह मिठात पुरावा अशी इच्छा लिहिली होती आणि त्यासाठी राहत्या घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते वारले. वस्तीच्या जागेत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी नाकारली, म्हणून दहन करावे लागले. टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी दत्तकपुत्र यशवंत यांच्याशी वाद घातला. तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीने, सावित्रीबाईंनी, स्वतः टिटवे धरले, त्या अंत्ययात्रेपुढे चालल्या आणि त्यांनीच अग्नी दिला. चितेजवळ कोण उभे राहू शकते या प्रश्नाचे उत्तर त्यांनी 1890 मध्ये कृतीने दिले आहे.

मुंबईत काही पुढाऱ्यांचे दहन नेहमीच्या स्मशानाबाहेर समुद्रकाठी झाले. लोकमान्य टिळकांचे 1920 मध्ये गिरगाव चौपाटीवर, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 7 डिसेंबर 1956 रोजी दादरच्या चौपाटीवर. दादरच्या जागी पुढे स्तूपाच्या आकाराची चैत्यभूमी उभी राहिली. तिचे उद्घाटन 1971 मध्ये झाले. भाज्याच्या डोंगरात सुरू झालेला आकार दोन हजार वर्षांनी पुन्हा चितेच्या जागेवर आला. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. तेथे शाळेच्या सहली येतात, मुले खेळतात. स्मशानाची भीती जाऊन त्या जागेचे उद्यान झाले.

विद्युतदाहिनी मुंबईत विसाव्या शतकात आली. वि. दा. सावरकरांनी आपले दहन विधीवाचून विद्युतदाहिनीत व्हावे असे सांगून ठेवले होते. त्याप्रमाणे फेब्रुवारी 1966 मध्ये चंदनवाडी येथे ते झाले. लाकडाची चिता सोडायला सामान्य लोक मात्र पुष्कळ वर्षे कचरत होते. कोल्हापूरने वेगळी वाट काढली. तेथे पंचगंगेच्या स्मशानात प्रामुख्याने शेण्यांवर दहन होते, महापालिका त्याचा खर्च घेत नाही आणि होळीच्या सुमारास लोक शेण्या दान करतात. होळीत जाळायचे ते एखाद्या गरिबाच्या चितेला द्यायचे, ही कल्पना खेड्यालाही परवडणारी आहे.

दहनाचे शास्त्र

उघड्या चितेला साधारणपणे 300 ते 500 किलो लाकूड लागते. त्यातली पुष्कळ उष्णता बाजूंना आणि वर निघून जाते. लाकूड जमिनीवर रचले तर खालून हवा मिळत नाही आणि धूर फार होतो. लोखंडी जाळीचे महत्त्व येथे आहे. चिता जमिनीपासून वर उचलली की खालून हवा शिरते, बाजूच्या पट्ट्यांमुळे लाकूड ढासळत नाही आणि कमी सरपणात काम होते. याच तत्त्वावर दिल्लीच्या 'मोक्षदा' संस्थेने सुधारलेली चिता तयार केली. तिच्यात उंचावरची जाळी आणि वर धुराडे असते. तिला 150 ते 200 किलो लाकूड पुरते, असे ती संस्था सांगते.

विद्युतदाहिनीत अग्निरोधक विटांची कोठी असते. विजेच्या तारांनी ती आधी तापवून घेतात. आतील उष्णतामान 700 ते 900 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवले, की दीड-दोन तासांत दहन पूर्ण होते. गॅस किंवा डिझेलच्या भट्टीत धूर दुसऱ्या कोठीत पुन्हा जाळतात. थंड भट्टी तापवायला वेळ व पैसा लागतो, म्हणून रोज अनेक दहने होतात तेथेच ती परवडते. महिन्याला एक-दोन मयते होणाऱ्या खेड्यात ती बांधून उपयोग नाही. शिवाय यंत्रालाही मर्यादा असते. कोरोनाच्या साथीत एप्रिल 2021 मध्ये सुरतच्या स्मशानांत भट्ट्या अहोरात्र चालून त्यांचे लोखंडी भाग वितळले, हे आपण सर्वांनी वाचले आहे.

तेव्हा खेड्याला योग्य अशी वास्तू कोणती? माझ्या मते तीच: चार खांब, वर छप्पर, बाजू उघड्या, खाली जाळी. म्हणजे छत्रीच. पत्र्याचे शेड ही सामान्य माणसाची छत्री आहे. तिच्यात राजाचा पुतळा नसतो एवढाच फरक.

आपले गाव

आता मूळ प्रश्नाकडे येतो. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने दहन व दफनभूमीची व्यवस्था हा विषय ग्रामपंचायतीकडे दिला आहे. जनसुविधेच्या अनुदानातून गावोगावी शेडे झाली, ती सर्वांच्या पैशांतून. घटनेने अस्पृश्यता रद्द केली आणि 1955 च्या कायद्याने, जो पुढे नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जाऊ लागला, अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही पाणवठा, घाट, दहनभूमी किंवा दफनभूमी नाकारणे हा गुन्हा ठरवला. सत्तर वर्षांपूर्वी हे लिहून झाले आहे. तरीही त्या रात्री कुणी नाकारले नसताना आम्ही स्वतःच थांबलो. पलीकडच्या वस्तीला आम्ही विचारले असते तर ते काय म्हणाले असते, हे आम्हाला ठाऊक नाही, कारण आम्ही विचारलेच नाही. 'आपलं न्हाय' ही दोन शब्दांची भिंत कायद्याने पडत नाही. ती विचारल्यानेच पडते.

दोष एकाच बाजूला नाही. गावाच्या टोकाला पालात राहणारी काही कुटुंबे आहेत. त्यांच्यात कुणी गेले तर ते ओढ्याच्या पलीकडे काटेरी रानात जातात. आमच्या माळावर त्यांना कधी कुणी बोलावले नाही. हा लेख लिहायला बसेपर्यंत ती गोष्ट माझ्या ध्यानातही आली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत मी टेप घेऊन त्या शेडकडे गेलो. वडीलही बरोबर आले. एवढ्या वर्षांत ते प्रथमच तेथे पाऊल टाकत होते. शेडची लांबी 20 फूट, रुंदी 15 फूट भरली. पत्रा जाळीपासून फार खाली असल्याने मधोमध करपून भोके पडली आहेत. ओटा साध्या सिमेंटचा असल्याने उष्णतेने तडकला आहे. तेथे भट्टीची वीट हवी होती. पाण्याची टाकी नाही, म्हाताऱ्या माणसाला टेकायला कट्टा नाही, रस्त्याला खडी नाही. ज्यांचे शेड म्हणून आम्ही मागे फिरलो, त्यांनाही पावसाळ्यात त्या भोकांखाली उभे राहावे लागते.

आम्ही मोजत असताना पलीकडच्या वस्तीतले एक आजोबा काठी टेकीत आले. काय चालले आहे, असे त्यांनी विचारले. वडिलांनी सांगितले, "पोरगं कॉलेजात हाय. स्मशानावर लिवतंय." आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमच्या आईच्या वक्ताला लई पाऊस हुता. आमी हिकडनं जाळ बगत हुतो." वडील काही बोलले नाहीत. आजोबांनी काठी खांबाला टेकवली, टेपचे दुसरे टोक हातात घेतले आणि खांबाशी धरून उभे राहिले. उंची मोजायची राहिली होती. ती आम्ही तिघांनी मिळून मोजली.

येत्या ग्रामसभेत शेडची दुरुस्ती आणि ते सर्व वस्त्यांसाठी, पालातल्या कुटुंबांसाठीसुद्धा, असल्याचा ठराव मांडावा, असे वडील व ते आजोबा यांच्यात बोलणे झाले आहे. अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आमच्या घरात अर्ज लिहिणारा मी पहिलाच. विद्यार्थी मित्रांना एवढीच विनंती आहे: सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या गावाचे स्मशान एकदा दिवसाउजेडी पाहून या. किती आहेत, कुणाकुणाचे आहे, छप्पर आहे का, वाट आहे का, हे वहीत टिपून आणा. इतिहासाचे एवढे साधन प्रत्येक गावाच्या शिवेवर पडून आहे.